गिटारच्या कॅबिनेटमध्ये चार स्पीकर जोडताना अ‍ॅम्प का जळतो? ओहमचं गणित समजून घ्या

समजा, तुम्ही चाकणच्या एखाद्या कंपनीत कामाला आहात. दिवसभर गाड्यांचं वायरिंग हार्नेस जोडता आणि शिफ्ट सुटली की मोशीच्या खोलीवर येऊन गिटार काढता. कुणाकडून तरी जुन्या अ‍ॅम्पचं हेड मिळालंय, बंद पडलेल्या एका बँडचे चार बारा इंची स्पीकर मिळालेत, सुताराकडून प्लायचा बॉक्सही करून घेतलाय. आता फक्त वायरी जोडायच्या राहिल्यात. प्लसला प्लस, मायनसला मायनस. त्यात काय अवघड?

अवघड खरंच काही नाही. पण तेच चार स्पीकर, तोच बॉक्स, त्याच वायरी, आणि जोडायची पद्धत बदलली की बॉक्सचा आकडा २ ओहम येतो, नाहीतर ८, नाहीतर ३२. अ‍ॅम्पला आत किती स्पीकर आहेत, ते कुठल्या कंपनीचे आहेत, यातलं काहीच कळत नाही. त्याला कळतो तो फक्त हा एक आकडा. तो चुकला तर स्पीकर बहुतेक वेळा वाचतात, जातो तो अ‍ॅम्प. म्हणजे सगळ्यात महागडी वस्तू.

त्यामुळे बॉक्सचं मागचं फळकूट स्क्रूने बंद करायच्या आधी हे गणित एकदा समजून घेऊ. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या पुढचं यात काही नाही.

आधी ओहम म्हणजे काय ते बघू

स्पीकरच्या मागे ‘८ Ω’ किंवा ‘१६ Ω’ असं लिहिलेलं असतं. तो उलट्या नालेसारखा दिसणारा ग्रीक अक्षराचा शिक्का म्हणजे ओहम. अ‍ॅम्पमधून येणाऱ्या करंटला स्पीकर किती अडवतो, त्याचं हे माप. इंजिनियर लोक याला इंपीडन्स म्हणतात. सूर बदलला की हा आकडाही वरखाली होतो, त्यामुळे मागे छापलेला आकडा ढोबळ असतो. पण वायरिंगचा हिशेब त्यावरच करतात.

चाकणचं उदाहरण घेऊ, कारण तिथली ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये. पुणे-नाशिक हायवेवर आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक दोन्ही एकाच रस्त्यावर, एकापाठोपाठ. प्रत्येक गाडीला दोन्ही ठिकाणी थांबावं लागतं. अडथळा अधिक अडथळा. यालाच सिरीज म्हणायचं. शाळेत आपण याला ‘एकसर जोडणी’ म्हणायचो.

आता समजा हायवेला तितकाच मोठा दुसरा रस्ता काढून दिला. निम्म्या गाड्या इकडून, निम्म्या तिकडून. प्रत्येक रस्त्यावरचा अडथळा तेवढाच, पण एकूण अडथळा निम्मा झाला, कारण जायला वाटा दोन झाल्या. ही पॅरलल, म्हणजे समांतर जोडणी.

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आपल्याला वाटतं, स्पीकर वाढवले म्हणजे लोड वाढला, म्हणजे आकडा मोठा झाला. पॅरललमध्ये नेमकं उलटं होतं. स्पीकर वाढवत गेलात की ओहम कमी कमी होत जातो, आणि ओहम कमी झाला की अ‍ॅम्पमधून करंट जास्त ओढला जातो. आकडा लहान, पण अ‍ॅम्पवरचा ताण मोठा.

८ ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले तर १६. तेच पॅरललमध्ये जोडले तर ४. एकसारखे स्पीकर असतील तर हिशेब तोंडी होतो: सिरीजला गुणा, पॅरललला भागा. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये नाहीतर दुसऱ्या कुठल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केलेला मित्र असेल, तर त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

मग चार स्पीकरचं काय?

८ ओहमचे चार स्पीकर घेतले, तर सगळे सिरीजमध्ये ३२ ओहम. सगळे पॅरललमध्ये २ ओहम. दोन्ही आकडे बहुतेक अ‍ॅम्पच्या कामाचे नाहीत. म्हणून तिसरा मार्ग काढतात. दोन-दोनच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडी आतल्या आत सिरीजमध्ये, म्हणजे १६ आणि १६. मग या दोन जोड्या एकमेकींना पॅरलल. १६ चे दोन पॅरलल म्हणजे परत ८.

चार स्पीकर लावले तरी आकडा एका स्पीकरचाच राहिला. याला सिरीज-पॅरलल म्हणतात आणि चार स्पीकरच्या गिटार कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त हीच जोडणी सापडते.

प्रत्यक्षात वायरी कशा जातात? स्पीकरना १, २, ३, ४ असे नंबर द्या. जॅकच्या टोकाकडून, म्हणजे प्लसकडून, दोन वायरी काढा. एक १ च्या प्लसला, दुसरी ३ च्या प्लसला. १ च्या मायनसवरून वायर २ च्या प्लसला. ३ च्या मायनसवरून वायर ४ च्या प्लसला. शेवटी २ आणि ४ चे मायनस जॅकच्या बाहेरच्या भागाला, म्हणजे मायनसला. सहा वायरी, काम संपलं.

याच ८ ओहमपर्यंत जायचा एक उलटा रस्ताही आहे. आधी दोन-दोन स्पीकर पॅरलल करायचे आणि मग त्या दोन जोड्या सिरीजमध्ये. आकडा तोच येतो. पण मला विचाराल तर पहिलीच पद्धत बरी, आणि त्याचं कारण स्पीकर चालू असताना कळत नाही, एक स्पीकर मेला की कळतं.

पहिल्या पद्धतीत एकाची कॉइल तुटली तर त्याचा जोडीदारही गप्प होतो, कारण रस्ताच तुटला. पण उरलेली जोडी पहिल्यासारखीच चालत राहते. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प असेल तर तिच्यावरचा ताण वाढत नाही. चारपैकी दोन स्पीकर गप्प, म्हणजे तुम्हाला लगेच कळतं की काहीतरी गेलंय. दुसऱ्या पद्धतीत एक मेला की तीन वाजत राहतात, त्यामुळे गाणं सुरू राहतं, पण मेलेल्याच्या शेजारी जो एकटा उरलाय त्याच्यावर आधीच्या जवळपास पावणेदोन पट पॉवर येते. आवाज मोठा असेल तर थोड्या वेळात तोही जातो.

मार्शल आणि फेंडरवाले काय करतात?

गिटार कॅबिनेट म्हटलं की जो काळा, उंच, चार स्पीकरवाला बॉक्स डोळ्यासमोर येतो, तो मार्शलचा. जिम मार्शल मुळात ड्रमर. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ मध्ये त्या दुकानातून त्यांचा पहिला अ‍ॅम्प बाहेर पडला. त्या काळातले बारा इंची स्पीकर १५-२० वॅटच्या आसपासचे. अ‍ॅम्प त्याच्या दुपटीचा. दोन स्पीकर लावून भागेना, ते फुटायचे. म्हणून एका बॉक्समध्ये चार आले. म्हणजे चार स्पीकरची ती भिंत सुरुवातीला शायनिंगसाठी नव्हती, स्पीकर वाचवण्यासाठी होती.

मार्शलच्या १९६० ए या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक खटका असतो: ४ किंवा १६ ओहम. आता तुम्हाला गणित माहितीये, तर ओळखा आत काय असेल? १६ ओहमचे चार स्पीकर. खटका एका बाजूला असेल तर चारही पॅरलल, म्हणजे ४. दुसऱ्या बाजूला सिरीज-पॅरलल, म्हणजे १६. आणि स्टिरिओ केलं की प्रत्येक बाजूला दोन पॅरलल, म्हणजे ८-८. एका खटक्यामागे हे सगळं गणित बसलंय. स्पीकर प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणून कॅबिनेटवर ३०० वॅट लिहिलेलं.

फेंडरवाल्यांचं वेगळंच. त्यांच्या ट्विन रिव्हर्बमध्ये ८ ओहमचे दोन बारा इंची स्पीकर पॅरललमध्ये, म्हणजे ४ ओहम. सुपर रिव्हर्बमध्ये ८ ओहमचे चार दहा इंची स्पीकर, चारही सरळ पॅरललमध्ये, म्हणजे २ ओहम! मघाशी मी २ ओहम कामाचा नाही म्हटलं ते ‘बहुतेक’ अ‍ॅम्पबद्दल. फेंडरने तो अ‍ॅम्पच २ ओहमसाठी बनवला. त्यामुळे २ वाईट आणि १६ चांगला असं काही नसतं. कॅबिनेटचा आकडा अ‍ॅम्पला हवा तो आहे की नाही, एवढंच बघायचं.

अ‍ॅम्प नेमका कसा जळतो?

यात दोन जाती आहेत आणि दोघांच्या मरायच्या तऱ्हा उलट्या आहेत.

पहिली जात ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची. आज प्रॅक्टिससाठी मिळणारे बहुतेक स्वस्त अ‍ॅम्प या जातीचे. त्यांच्या मागे ‘मिनिमम ४ ओहम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ ४ किंवा त्याहून जास्त कितीही चालेल, त्याखाली जायचं नाही.

आकड्यांत बघू. ८ ओहमवर १०० वॅट देणारा अ‍ॅम्प स्पीकरला साधारण २८ व्होल्ट देत असतो आणि साडेतीन अँपियर करंट. त्याला ४ ओहमचा बॉक्स लावला तर तेवढ्याच व्होल्टला करंट होतो ७ अँपियर. २ ओहमचा लावला तर १४. हा एवढा करंट आतल्या ट्रान्झिस्टरमधून जाणार. ते तापतात, आणि प्रोटेक्शन सर्किट नसेल किंवा हलक्या दर्जाचं असेल तर जातात. आधी आवाज फाटतो, मग अ‍ॅम्प मधूनच बंद-चालू होतो, मग वास येतो. वास आला की उशीर झालेला असतो.

याउलट १६ ओहमचा बॉक्स लावला तर काही बिघडत नाही. पॉवर कमी मिळते, आवाज थोडा कमी येतो, बस.

दुसरी जात व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची, ज्याला गिटारवाले ट्यूब अ‍ॅम्प म्हणतात. यात व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. त्याच्या मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे सॉकेट किंवा खटका असतो. इथे ‘मिनिमम’ची भाषा नाही. जो आकडा कॅबिनेटचा, तोच खटक्यावर हवा.

आणि या जातीत सगळ्यात घातक काय, तर कॅबिनेट न जोडताच अ‍ॅम्प चालू करून वाजवणं. ट्रान्झिस्टरवाल्याला याने फारसा फरक पडत नाही. व्हॉल्व्हवाल्यात मात्र ट्रान्सफॉर्मरमध्ये निघालेल्या ताकदीला जायला जागाच राहत नाही, आत व्होल्टेज प्रचंड चढतं, ठिणगी पडते आणि ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्हचा सॉकेट जळून जातो. म्हणून आधी स्पीकरची वायर, मग वीज. बॉक्समधलं एक सोल्डर सुटलं तरी हीच वेळ येते, हे लक्षात घ्या. वायरिंग पक्कं करायचं ते फक्त आवाजासाठी नाही.

आणखी एक. कॅबिनेटमध्ये हात घालण्यात शॉकची भीती जवळपास नाही, कारण तिथे घरातली २३० व्होल्टची वीज येतच नाही. अ‍ॅम्प बंद करून वायर काढली की काम करा बिनधास्त. पण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं हेड उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच.

‘अजून एक बॉक्स लाव’ हा धोका

अ‍ॅम्पच्या मागे स्पीकरसाठी दोन सॉकेट असले की माणसाला मोह होतोच. कॉलेजचं गॅदरिंग असतं, मित्राचा कॅबिनेट रिकामा असतो, लाव की तोही.

ते दोन सॉकेट आतून जवळपास नेहमी पॅरललमध्ये असतात. तुमचा बॉक्स ८, मित्राचा ८, एकत्र ४. अ‍ॅम्प ४ झेपणारा असेल तर ठीक. त्याचा मिनिमम ८ असेल तर तुम्ही नकळत त्याच्यावर दुप्पट करंटचं ओझं टाकलं. मार्शलचे दोन १६ ओहमचे कॅबिनेट एकावर एक ठेवतात तेव्हा हेडचा खटका ८ वर ठेवतात, तो याच हिशेबाने.

गणपतीत किंवा जयंतीत भिंतीसारखे बॉक्स रचणारे साउंडवालेही हेच गणित करत असतात, फक्त त्यांचे स्पीकर अठरा इंची असतात. त्यात अ‍ॅम्प ब्रिज मोडवर टाकला की दोन्ही चॅनल मिळून एकच बॉक्स हाकतात आणि प्रत्येक चॅनलला त्या बॉक्सचा निम्माच आकडा जाणवतो. ८ ओहमचा बॉक्स ब्रिजवर लावला तर चॅनलच्या दृष्टीने तो ४ आहे.

बॉक्स सारखे नसले तर आणखी गंमत. एक ८ चा, एक १६ चा, दोन्ही पॅरलल, तर एकूण साधारण ५.३ ओहम, आणि ८ वाल्याला १६ वाल्याच्या दुप्पट पॉवर. तेच दोन सिरीजमध्ये लावले तर उलटं, १६ वाल्याला दुप्पट. म्हणून एका कॅबिनेटमध्ये वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर घालायचेच नाहीत. वेगळ्या कंपनीचे चालतील, ओहम सारखा हवा. वॅट वेगवेगळे असतील तर सगळ्यात कमी वॅटच्या स्पीकरला स्पीकरच्या संख्येने गुणा, तेवढाच कॅबिनेटचा खरा वॅट. एक ३० चा आणि तीन ७५ चे असतील तर तो कॅबिनेट १२० वॅटचा, २५५ चा नाही.

गाडीचे स्पीकर लावले तर चालतात का?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, कारण हा सगळा पट्टाच गाड्यांचा. चाकणमध्ये फोक्सवॅगन आहे, महिंद्रा आहे, मर्सिडीज आहे, आणि जेबीएल ज्यांच्या मालकीची आहे त्या हरमनचाही गाड्यांच्या ऑडिओ सिस्टिमचा कारखाना आहे. गाडीचे काढून टाकलेले स्पीकर कुणाकडे ना कुणाकडे पडलेले असतात.

गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात. का? कारण गाडीत बॅटरी १२ व्होल्टची. घरच्या अ‍ॅम्पसारखे वाढवलेले व्होल्ट स्टिरिओमध्ये सहज मिळत नाहीत. व्होल्ट वाढवता येत नसतील आणि पॉवर तर हवी असेल, तर ओहम कमी करायचा. तेवढ्याच व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर ८ वाल्याच्या दुप्पट पॉवर ओढतो.

आता असे चार स्पीकर बॉक्समध्ये सगळे पॅरललमध्ये जोडले तर होतो १ ओहम. जवळजवळ शॉर्टच. सिरीज-पॅरलल केले तर ४, ते मिनिमम ४ वाल्या अ‍ॅम्पला चालेल. ८ हवा असेल तर दोनच घ्या आणि सिरीजमध्ये लावा. सबवूफर असेल तर नीट बघा, त्यातल्या काहींमध्ये एकाच स्पीकरला दोन कॉइल असतात. ४ आणि ४ असेल तर त्या एकट्या स्पीकरचे २ किंवा ८ करता येतात.

एवढं करून अ‍ॅम्प वाचेल. पण आवाज आवडेलच असं नाही. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं वाजवतच नाही, आणि डिस्टॉर्शन लावलेली गिटार कानाला गोड लागते ती त्यामुळेच. गाडीच्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला छोटा ट्वीटर त्याच्या वरचं सगळं वाजवतो. परिणाम म्हणजे कानाशी डास. क्लीन टोनला चालवून घ्या, रॉक वाजवायचा असेल तर गिटारचेच स्पीकर घ्या.

मंडपातल्या अ‍ॅम्पचे ते बाकीचे स्क्रू

मंडपवाल्याकडे किंवा देवळात दिसणाऱ्या आहुजासारख्या अ‍ॅम्पच्या मागे स्क्रूची एक रांग असते. त्यावर ४, ८, १६ ओहम असतं आणि पुढे ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असंही लिहिलेलं असतं. गिटार कॅबिनेट १०० व्होल्टवर लावायचा नाही. ती लाइन लांब वायर टाकून दहा-वीस कर्णे जोडण्यासाठी आहे. तिथे प्रत्येक कर्ण्यासोबत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, ओहम मोजतच नाहीत, वॅट मोजतात. १५ वॅटचे दहा कर्णे म्हणजे १५० वॅट, अ‍ॅम्प त्याहून मोठा असला की झालं. तुमच्या साध्या स्पीकरमध्ये तो ट्रान्सफॉर्मर नाही. १०० व्होल्टच्या स्क्रूला तो सरळ लावला तर ८ ओहमचा स्पीकरही अ‍ॅम्पला शॉर्टसारखाच वाटतो.

प्लस-मायनस उलटं झालं तर?

अ‍ॅम्प जळत नाही, पण कॅबिनेट ‘पोकळ’ वाजतो. एका स्पीकरचा कागद बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, दोघं एकमेकांची हवा खातात आणि बेस गायब होतो. चारपैकी एक उलटा असेल तर फरक पटकन लक्षात येत नाही, नुसतं काहीतरी कमी वाटत राहतं. लोक मग अ‍ॅम्पला, पिकअपला, तारांना दोष देत बसतात.

तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कागद बाहेर यायला हवा. आत गेला तर त्या स्पीकरच्या खुणा उलट्या आहेत. हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही: जेबीएलचे जुने स्पीकर कारखान्यातूनच या उलट्या पद्धतीने यायचे. साठच्या दशकात फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये जेबीएलचा डी १२० एफ नावाचा स्पीकर मिळायचा. असा जुना स्पीकर दुसऱ्या कुठल्या स्पीकरच्या शेजारी बसवताना सेल लावून बघावाच लागतो. आणि सेल टेकवून लगेच काढा, धरून ठेवू नका.

वायर कुठली घ्यायची?

गिटार ते अ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प ते कॅबिनेट, दोन्ही केबलना तोच पाव इंची जॅक असतो. बाहेरून दिसतात सारख्या, आतून नाहीत. गिटारच्या केबलमध्ये केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी असते, कारण तिथून अगदी नाजूक सिग्नल जातो. कॅबिनेटला ती लावली तर पॉवर वायरीतच खर्च होते, वायर तापते, आणि ती वितळून शॉर्ट झाली किंवा तुटली तर काय होतं ते वर वाचलंच आहे.

कॅबिनेटला साधी दोन तारांची जाड वायर हवी. १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर भरपूर झाली. पिंपरी कॅम्पात किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती मीटरवर मिळते. लाल-काळी घ्या, म्हणजे प्लस-मायनस विसरणार नाही. दोनशे रुपये मीटरच्या ‘ऑक्सिजन फ्री’ वगैरे वायरीच्या मागे लागू नका. मीटरभर वायरीत फरक कानाला कळण्याएवढा राहत नाही.

टर्मिनलला सोल्डर करा किंवा घट्ट बसणाऱ्या क्लिपा लावा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर टिकत नाही, कारण कॅबिनेट म्हणजे तासन्‌तास थरथरणारा डबा. वायर थोडी सैल ठेवा, आणि ती स्पीकरच्या कागदाला घासणार नाही अशी कडेने बांधून टाका. घासली की फर्र असा आवाज येतो आणि वाटतं स्पीकर फाटला.

चालू करायच्या आधी मीटर लावा

सगळ्या वायरी जोडून झाल्या की अ‍ॅम्पला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या जॅकमध्ये केबल घाला आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. टोकाला एक पिन, मागच्या भागाला दुसरी. मीटर ओहमवर.

मीटरचा आकडा छापील आकड्यापेक्षा कमी येतो, कारण तो फक्त तारेचा रोध मोजतो. ८ ओहमच्या कॅबिनेटला ६ ते ७ दिसेल, १६ ला १२ ते १४, ४ ला ३ ते साडेतीन. ८ ची अपेक्षा असताना दीड-दोन आला तर चारही पॅरलल झालेत. २४-२८ आला तर चारही सिरीज. १२-१३ आला तर एक जोडी लागलीच नाही. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना टेकल्यात. काहीच आला नाही तर सर्किट तुटलंय, आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर तो अजिबात चालू करू नका.

आणि शेजाऱ्यांचं काय?

गिटारचे स्पीकर घरच्या स्पीकरच्या मानाने फार कार्यक्षम असतात. नुसत्या १ वॅटला, एक मीटरवर, एकच स्पीकर ९७ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. १०० वॅट केले तर त्यात २० डेसिबल वाढतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. रावेत-मोशीच्या फ्लॅटमध्ये १ वॅटलाच ही मर्यादा ओलांडली जाते, पुढचं विचारूच नका. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला येत असाल तर चार स्पीकरचा बॉक्स बंदच राहणार. तेव्हा ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला हेडफोन लावा. व्हॉल्व्हचं हेड मात्र कॅबिनेटशिवाय हेडफोनवर चालवायचं असेल तर त्यासाठी वेगळा लोड बॉक्स लागतो, नुसती कॅबिनेटची वायर काढून भागत नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. फळकूट लावून झालं की जॅकच्या शेजारी परमनंट मार्करने लिहून ठेवा: ‘८ ओहम, १२० वॅट, सिरीज-पॅरलल’ आणि तारीख. सहा महिन्यांनी कुणीतरी हा बॉक्स गॅदरिंगला मागून नेईल, त्याला दुसऱ्या बॉक्सशी जोडेल, आणि तेव्हा तुम्ही शिफ्टवर असाल.